व्याकरण पाठ करणारा शिपाई : विल्यम कॉबेट

इंग्रजी भाषेच्या अभ्यासांत सर्वांत कंटाळवाणा भाग कोणता, असें शाळेंतील मुलांस विचारलें असतां बहुतेक सर्वजण व्याकरणाकडे बोट दाखवितील. विशेषण कोणतें, त्याच्यापुढें कोणतें शब्दयोगी अव्यय यावें, आणि त्या अव्ययामागून सर्वनामाचें कोणतें रूप घालावें, हे प्रश्न पुष्कळांस निव्वळ छळ वाटतात. परीक्षेपुरते नियम घोकावे व परीक्षा संपतांच ते विसरून जावे, अशी सामान्य रीत आहे. परंतु याच रुक्ष नियमांकरितां ज्यानें पोटाला चिमटा घेतला, पहाऱ्यावर उभें असतांना ज्यानें त्यांचें पारायण केलें, आणि पुढें त्यांच्याच बळावर ज्यानें मोठमोठ्या राज्यकर्त्यांस आपली दखल घ्यावयास लाविलें, असा एक पुरुष इंग्लंडांत होऊन गेला. विल्यम कॉबेट हें त्याचें नांव. त्याचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडील माणसांनीं वाचण्यासारखें आहे.

कॉबेट याचा जन्म इंग्लंडच्या दक्षिण भागांत, सरे परगण्यांतील फार्नहॅम या गांवीं, ता. ९ मार्च १७६३ रोजीं झाला. त्याचा आजोबा दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करून पोट भरीत असे. बाप जॉर्ज कॉबेट याची थोडीशी शेती होती, व तिच्या जोडीला तो उतारूंसाठीं एक खाणावळ चालवी. चार भावांत विल्यम तिसरा. त्याचें पहिलें काम म्हणजे नुकत्याच पेरलेल्या सलगमाच्या बियांवरून पांखरें हांकणें व वाटाण्याच्या शेतांतून कावळे उडविणें. पुढें तो निंदणी करूं लागला, मग घोडा हांकूं लागला, मग कापणीस जाऊं लागला, आणि अखेर नांगर धरण्याइतका मोठा झाला. शाळेचा व त्याचा संबंध जवळजवळ आलाच नाहीं. लिहिणें, वाचणें व थोडासा हिशेब इतकें त्यास बापानेंच हिवाळ्याच्या रात्रीं घरीं शिकविलें. दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्यानें रात्रीं मुलांस पाटीपुढें बसवावें, यांतच पुढील सर्व गोष्टींचें बीज होतें.

अकराव्या वर्षीं विल्यम फार्नहॅमच्या किल्ल्यांत विंचेस्टरच्या बिशपांच्या बागेंत झुडपें कातरण्याचें काम करीत असे. तेथें एका माळ्याच्या तोंडून त्यानें क्यू येथील राजाच्या बागेचें वर्णन ऐकलें. तें ऐकून त्याच्या मनानें असा ध्यास घेतला कीं, दुसऱ्याच दिवशीं कोणास न सांगतां तो पायींच निघाला. वाट सुमारें तीस मैलांची व खिशांत अवघ्या साडेसहा पेन्या. दोन पेन्यांची भाकर व चीज आणि एका पेनीचें पेय घेऊन त्यानें वाटेंत भूक भागविली. अर्धी पेनी कोठें तरी पडली. संध्याकाळीं रिचमंड येथें पोहोंचला, तेव्हां त्याच्याजवळ बरोबर तीन पेन्या उरल्या होत्या. तेथील एका पुस्तकविक्याच्या खिडकींत त्यास स्विफ्टचें 'टेल ऑफ अ टब' हें लहानसें पुस्तक दिसलें. किंमत तीन पेन्या. पुस्तक घ्यावें तर रात्रीचें जेवण मिळावयाचें नाहीं, आणि जेवावें तर पुस्तक हातचें जाणार. पोरानें पुस्तक घेतलें. एका गवताच्या गंजीशेजारीं बसून अंधार पडेपर्यंत तो तें वाचीत राहिला. पुष्कळसें कळलें नाहीं. परंतु जें कळलें, त्यानें त्याच्या मनांत कांहीं तरी जागें झालें. रात्र त्यानें तेथेंच काढली. सकाळीं पांखरांच्या आवाजानें जागा होऊन तो क्यूच्या बागेंत गेला, व तेथील स्कॉच माळ्यानें त्यास झाडलोटीच्या कामावर ठेवून घेतलें. तें पुस्तक त्यानें पुढें कित्येक वर्षें जिवापलीकडे जपलें. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरील फंडीच्या उपसागरांत त्याची पेटी पाण्यांत पडली व तींत तें गेलें, तेव्हां त्यास झालेलें दुःख पैशांच्या नुकसानीपेक्षां अधिक होतें.

कांहीं काळानें तो घरीं परतला. परंतु एकदां दूरचें जग पाहिलेल्या मुलाचें मन शेतांत रमेना. १७८३ सालच्या मे महिन्यांत तो एका जत्रेस जाण्यास निघाला असतां वाटेंत लंडनकडे जाणारी गाडी दिसली, आणि क्षणार्धांत तो तींत चढून बसला. लंडनांत एका वकिलाच्या कचेरींत त्यानें आठ-नऊ महिने कारकुनी केली. अंधाऱ्या खोलींत सकाळपासून रात्रीपर्यंत नकला उतरण्याच्या त्या कामाचा त्यास इतका वीट आला कीं, १७८४ सालीं त्यानें सैन्यांत नांव नोंदविलें. ५४ व्या पायदळ पलटणींत त्याची भरती होऊन चॅटम येथील छावणींत त्याची रवानगी झाली.

त्याचें अक्षर चांगलें होतें. म्हणून छावणीचे मुख्य अधिकारी कर्नल डेबिग यांच्या पत्रांच्या नकला करण्याचें काम त्याजकडे आलें. नकला करतांना तो चुका करी, कारण व्याकरण म्हणजे काय हें त्यास ठाऊकच नव्हतें. कर्नलसाहेबांनीं त्यास व्याकरणाचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला, व पुढें बढती मिळण्यास त्याचा उपयोग होईल असें सुचविलें. कॉबेटनें रॉबर्ट लौथ या विद्वान धर्माधिकाऱ्याचें १७६२ सालीं प्रसिद्ध झालेलें इंग्रजी व्याकरण मिळविलें आणि मोठ्या निश्चयानें तो अभ्यासास लागला.

हा अभ्यास त्यानें कोणत्या स्थितींत केला, तें आज सर्व सोयींनीं अभ्यास करणाऱ्यांनीं ध्यानांत आणावें. रोजचा पगार सहा पेन्या. परंतु अन्न व इतर जरुरीच्या वस्तू यांचा खर्च वजा जातां आठवड्याकांठीं हातीं दोन पेन्या राहत. बिछान्याची कड ही बसण्याची जागा, पाठीवरची पिशवी हें पुस्तकांचें कपाट, आणि मांडीवर ठेवलेला फळीचा तुकडा हें लिहिण्याचें मेज. मेणबत्ती किंवा तेल विकत घेण्यास पैसा नाहीं. म्हणून हिवाळ्यांत शेगडीच्या उजेडावरच वाचावयाचें, आणि तेंही शेगडीजवळ बसण्याची आपली पाळी येईल तेव्हां. भोंवतालीं दहा-पंधरा शिपाई गात, भांडत, हंसत व शिट्या घालीत असावयाचे. टाक, शाई किंवा कागद यांकरितां एक फार्दिंग म्हणजे पाव पेनी काढावयाची, तरी तेवढें अन्न कमी करावें लागे. एकदां सर्व खर्च भागून अर्धी पेनी शिल्लक उरली. सकाळीं तिचा एक खारविलेला मासा घ्यावयाचा, असें त्यानें ठरविलें होतें. रात्रीं कपडे काढून पाहतो तों ती अर्धी पेनी हरवलेली. भुकेनें व्याकूळ झालेला तो एकवीस वर्षांचा जवान फाटक्या पांघरुणांत डोकें खुपसून लहान मुलासारखा रडला.

तथापि अभ्यास सुटला नाहीं. लौथचें व्याकरण त्यानें आरंभापासून शेवटपर्यंत दोन-तीन वेळां स्वहस्तें लिहून काढलें. मग सबंध पाठ केलें. आणि ज्या ज्या वेळीं रात्रीं पहाऱ्यावर उभें राहण्याची पाळी येई, त्या त्या वेळीं खांद्यावर बंदूक घेऊन येरझारा घालतांना तो तें सर्व मनांतल्या मनांत म्हणून जाई. ज्या काळांत दुसरे शिपाई झोपेशीं झगडत, तोच काळ त्याचा शाळेचा तास झाला.

आतां या शिपायास व्याकरणापासून काय लाभलें, हें समजण्याकरितां आपण आपल्या वर्गांतीलच एक साधें उदाहरण घेऊं. मराठींत 'तो माझ्यावर रागावला' असें आपण म्हणतों. येथें 'मी' हें सर्वनाम 'वर' या शब्दयोगी अव्ययापूर्वीं 'माझ्या' असें सामान्यरूप घेतें. 'मीवर' असें पांच वर्षांचें मूलही म्हणणार नाहीं. इंग्रजींत हीच गोष्ट उलट क्रमानें घडते. तेथें अव्यय आधीं येतें व सर्वनाम मागून. परंतु सर्वनामानें आपलें रूप बदललेंच पाहिजे. म्हणून 'ही वॉज अँग्री विथ मी' असें म्हणावयाचें. इंग्रजीतील 'मी' म्हणजे मराठीतील 'मी' नव्हे, तर 'आय' या सर्वनामाचें कर्मरूप, हें आरंभींच नीट ध्यानांत धरावें.

या वाक्यांत 'अँग्री' हें विशेषण, 'विथ' हें अव्यय व 'मी' हें सर्वनाम अशी तीन कड्यांची सांखळी आहे. पहिली कडी सर्वांत सोपी. मराठींत चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलें मूल असें विशेषण लिंगाप्रमाणें बदलतें; इंग्रजींत 'गुड' हें सर्वत्र 'गुड'च राहतें. दुसरी कडी मात्र कठीण. कोणत्या विशेषणापुढें कोणतें अव्यय यावयाचें, हें तर्कानें सांगतां येत नाहीं. तें रूढीनें ठरलेलें असतें. आपण मराठीच्या 'वर' वरून 'अँग्री ऑन मी' म्हणतों, 'तिच्याशीं लग्न झालें' म्हणून 'मॅरिड विथ हर' म्हणतों, 'गणितांत हुषार' म्हणून 'गुड इन मॅथमॅटिक्स' म्हणतों. इंग्रज मनुष्य 'अँग्री विथ', 'मॅरिड टु' व 'गुड ॲट' असें म्हणतो. तसेंच 'बेटर' या शब्दापुढें 'दॅन' येतें; परंतु 'सुपीरियर' या शब्दापुढें 'टु' येतें, जरी मराठींत दोहोंसाठीं आपण 'पेक्षां' हेंच वापरतों. 'अफ्रेड' बरोबर 'ऑफ', 'काइंड' बरोबर 'टु', 'डिफरंट' बरोबर बहुधा 'फ्रॉम', अशा जोड्या एकेक करून, वाक्यांतच पाठ कराव्या लागतात. विशेषण एकटें पाठ करणें म्हणजे दोन बैलांच्या गाडीस एकच बैल जुंपणें होय.

तिसरी कडी सर्वनामाची. अव्ययामागून 'आय', 'ही', 'शी', 'वी', 'दे' हीं कर्त्याचीं रूपें येत नाहींत; 'मी', 'हिम', 'हर', 'अस', 'देम' हीं येतात. सर्वनाम एकटें असतां हा नियम सहसा चुकत नाहीं. परंतु दोघांची जोडी आली कीं, इंग्रजांचे सुद्धां पाय घसरतात. 'बिट्वीन यू अँड मी' येथें 'मी'च्या जागीं 'आय' घालणारे विद्वान थोडे नाहींत. अशा वेळीं एक युक्ति करावी. 'माझे वडील माझ्या भावाबद्दल व माझ्याबद्दल अभिमान बाळगतात' असें लिहावयाचें असल्यास क्षणभर भावास बाजूस ठेवावें. 'प्राउड ऑफ आय' असें कोणी म्हणेल काय? नाहीं. मग भाऊ परत आला म्हणून 'मी'चें 'आय' होण्याचें कारण नाहीं. 'प्राउड ऑफ माय ब्रदर अँड मी' हेंच बरोबर. 'हू' व 'हूम' यांचीही तीच कथा. आजच्या नित्याच्या बोलण्यांत अव्यय वाक्याच्या शेवटीं जातें व आरंभीं 'हू' चालतें. परंतु अव्ययाच्या लगेच मागून सर्वनाम आलें, तर 'टु हूम', 'विथ हूम' असेंच लिहितात.

अशा प्रकारचे शेंकडों बारकावे कॉबेटनें शेगडीच्या उजेडांत गिळले व पहाऱ्यावर पचविले. त्याचें फळही लवकरच मिळालें. १७८५ सालीं पलटण अमेरिकेंतील नोव्हा स्कोशिया येथें व तेथून न्यू ब्रन्सविक प्रांतांत गेली. बिनचूक लिहिणारा, पहाटे सर्वांच्या आधीं उठणारा व दिलेलें काम वेळेवर करणारा हा शिपाई प्रथम कॉर्पोरल झाला, आणि मग सुमारें तीस सार्जंटांस मागें टाकून एकदम पलटणीचा सार्जंट मेजर झाला.

न्यू ब्रन्सविक येथेंच तोफखान्यांतील एका सार्जंटाची मुलगी ॲन रीड हिची व त्याची ओळख झाली, आणि पुढें विवाह करण्याचें ठरलें. तिच्या बापाची बदली इंग्लंडांत झाली, तेव्हां कॉबेटनें आपली सर्व शिल्लक, दीडशें गिनी, तिच्या स्वाधीन केली, व कष्टाचें काम न करतां त्या पैशांवर राहावें असें तिला सांगितलें. कांहीं वर्षांनीं तो परत येऊन पाहतो तों ती वर्षाला पांच पौंड पगारावर एका घरीं मोलकरणीचें काम करीत होती. तिनें कांहीं न बोलतां त्याच्या हातीं दीडशें गिनी ठेविल्या. त्यांतील एकही मोडली नव्हती. १७९२ च्या फेब्रुवारींत त्यांचें लग्न झालें. पुढील आयुष्यांत कॉबेटवर जीं संकटें आलीं, त्यांत तो टिकला याचें श्रेय पुष्कळ अंशीं या बाईस आहे.

सैन्यांत असतांना कांहीं अधिकारी शिपायांच्या हक्काचे पैसे व सामान लाटतात, असें त्याच्या ध्यानांत आलें होतें. पलटणीच्या हिशेबांच्या नकला त्यानें गुप्तपणें करून ठेविल्या, आणि १७९१ अखेर सैन्यांतून मोकळा होतांच त्या अधिकाऱ्यांवर फिर्याद केली. परंतु आपल्यावरच उलट खटला रचला जात आहे, अशी त्यास भीति वाटली. तो चौकशीच्या दिवशीं हजर न राहतां फ्रान्सला गेला, व तेथून १७९२ सालीं अमेरिकेस पोहोंचला. अधिकारी निर्दोष सुटले. कॉबेटच्या शत्रूंनीं हें पलायन त्यास जन्मभर ऐकविलें.

अमेरिकेंत त्याचें व्याकरण पुन्हा उपयोगी पडलें. फ्रान्समधील राज्यक्रांतीमुळें पळून आलेल्या फ्रेंच लोकांस तो इंग्रजी शिकवूं लागला, आणि त्यांच्यासाठीं १७९५ सालीं फिलाडेल्फिया येथें त्यानें एक इंग्रजी व्याकरण फ्रेंच भाषेंत छापलें. परभाषा शिकणाऱ्याच्या अडचणी कोणत्या, हें त्यास येथें कळलें. याच काळांत 'पीटर पॉर्क्युपाइन' म्हणजे 'पीटर साळू' या टोपण नांवानें त्यानें तिखट राजकीय लेख लिहिण्यास आरंभ केला. लेखणीच्या या कांट्यांनीं पुष्कळांस टोंचलें. डॉक्टर बेंजामिन रश पिवळ्या तापाच्या रोग्यांचें बेसुमार रक्त काढतात, या टीकेबद्दल बेअब्रूचा दावा होऊन त्यास पांच हजार डॉलर भरपाई द्यावी लागली, आणि १८०० सालीं तो इंग्लंडास परतला.

१८०२ च्या जानेवारींत त्यानें 'पोलिटिकल रजिस्टर' हें साप्ताहिक काढलें. थोड्या खंडांखेरीज तें त्याच्या मरणापर्यंत चाललें. आरंभीं तो सरकारपक्षाचा होता. परंतु खेड्यांतील मजुरांची दैना व दरबारांतील लांचलुचपत पाहून तो हळूहळू गरिबांचा कैवारी बनला. १८०९ सालीं ईली या गांवीं पगारांतील कपातीबद्दल तक्रार करणाऱ्या शिपायांस जर्मन घोडेस्वारांच्या पहाऱ्यांत फटके मारण्यांत आले. स्वतः शिपाई असलेल्या कॉबेटनें त्यावर कडक लेख लिहिला. त्याबद्दल १८१० सालीं त्यास दोन वर्षें कैद व एक हजार पौंड दंड अशी शिक्षा झाली.

न्यूगेटच्या तुरुंगांतील या दोन वर्षांतही त्यानें मुलांचें शिक्षण थांबविलें नाहीं. घरून दर आठवड्यास शेतांतील वस्तूंची एक टोपली येई. तींत फुलें, फळें व अंडीं यांबरोबर मुलांनीं लिहिलेलीं पत्रें व शेताच्या रोजनिशा असत. कोणत्या शेतांत काय पेरलें, गाय केव्हां व्याली, कोणत्या झाडास किती फळें आलीं, हें सर्व मुलें बापास कळवीत, व बाप प्रत्येकास उत्तर लिही. अशा रीतीनें खरें कारण असल्यामुळें तीं मुलें लिहावयास शिकलीं. मूल लिहीत नाहीं म्हणून त्यास रागें भरणाऱ्या पालकांनीं या टोपलीची आठवण ठेवावी.

१८१६ च्या नोव्हेंबरांत त्यानें आपल्या पत्राची एक स्वस्त आवृत्ति दोन पेन्यांस विकण्यास काढली. सरकारी करामुळें पूर्वीं त्याची किंमत एक शिलिंग अर्धी पेनी होती. ती मजुराच्या आवांक्याबाहेरची. आतां तें पत्र विणकरांच्या झोंपड्यांत व शेतमजुरांच्या घरांत मोठ्यानें वाचलें जाऊं लागलें, व दर आठवड्यास त्याच्या हजारों प्रती खपूं लागल्या. सरकार भ्यालें. १८१७ सालीं विनाचौकशी कैदेत ठेवण्याचा अधिकार सरकारनें घेतला, तेव्हां कॉबेट पुन्हा अमेरिकेस गेला व न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर शेती करूं लागला.

याच शेतावर त्यानें आपलें प्रसिद्ध 'इंग्रजी भाषेचें व्याकरण' लिहिलें. तें १८१८ सालीं प्रसिद्ध झालें. ग्रंथाची रचना पत्ररूप असून तीं पत्रें त्याच्या सुमारें चौदा वर्षांच्या जेम्स या मुलास उद्देशून आहेत. परंतु पुस्तकाच्या नांवांतच तें विशेषेंकरून शिपाई, खलाशी, उमेदवार कारागीर व नांगरे पोर यांच्यासाठीं आहे, असें त्यानें छापलें. यामागें मोठें कारण होतें. गरिबांनीं पार्लमेंटकडे केलेले अर्ज त्यांची भाषा अनुचित आहे, या सबबीवर कधीं कधीं परत फिरविले जात. १७९३ सालीं शेफील्डच्या लोकांचा अर्ज असाच नाकारला गेला होता. ज्यास शुद्ध लिहितां येत नाहीं, त्याच्या रास्त तक्रारीसही कोणी कान देत नाहीं, हें कॉबेटनें ओळखलें. व्याकरण हें त्याच्या मतें पंडितांचें भूषण नसून दुबळ्याच्या हातांतील हत्यार होतें. तें वापरण्यास शिकलेल्या मनुष्यास वरचे लोक मूर्ख ठरवूं शकत नाहींत.

या पुस्तकांत त्यानें नियम थोडे व उदाहरणें पुष्कळ दिलीं. प्रत्येक सर्वनाम कोणत्या नामाच्या जागीं आलें आहे, हें लिहिण्यापूर्वीं ठरवावें, असा त्याचा कटाक्ष असे. विशेषतः 'इट' या इवल्याशा सर्वनामाविषयीं त्यानें मुलास बजावलें आहे. कारण आळशी लेखक तें कोठेंही टाकतात व वाचकास तें कशाबद्दल आहे हें कळेनासें होतें. डॉक्टर जॉन्सनसारख्या महापंडिताच्या लेखांतील चुकाही त्यानें निर्भयपणें दाखविल्या. पुढील आवृत्तींत त्यानें सहा धडे जोडले, व त्यांत राजाचें भाषण, ड्यूक ऑफ वेलिंग्टन व लॉर्ड कॅसलरे यांचे लेख, इतकेंच काय पण विंचेस्टरच्या बिशपाचें एक व्याख्यानही घेऊन त्यांतील अशुद्धें एकेक करून मांडलीं. ज्यांच्या बागेंत एके काळीं तो झुडपें कातरीत असे, त्याच पदावरील पुरुषाच्या वाक्यांची त्यानें अशी छाटणी केली. त्याचे कित्येक नियम आज फार कडक वाटतात, व कित्येकांस भाषाशास्त्रज्ञ मानीत नाहींत. परंतु शेंकडों व्याकरणांमधून हौसेनें वाचलें जाणारें व्याकरण म्हणून तें अजून ओळखलें जातें.

१८१९ सालीं तो स्वदेशीं परतला. घोड्यावर बसून गांवोगांव हिंडावें, पिकें, जमिनी व मजुरांची स्थिति डोळ्यांनीं पाहावी आणि रात्रीं लिहावें, असा क्रम त्यानें ठेविला. हीं वर्णनें १८३० सालीं 'रूरल राइड्स' या नांवानें पुस्तकरूपानें निघालीं, आणि इंग्लंडच्या खेड्यांचें इतकें जिवंत चित्र दुसरीकडे क्वचितच सांपडतें. १८३१ सालीं शेतमजुरांच्या दंग्यांस चिथावणी दिल्याचा खटला त्याच्यावर झाला. त्यानें स्वतःच आपला बचाव केला; पंचांचें एकमत न झाल्यानें तो सुटला. १८३२ च्या सुधारणेच्या कायद्यानंतर ओल्डम शहरानें त्यास पार्लमेंटांत निवडून दिलें. ज्या सभेनें गरिबांचे अर्ज भाषेसाठीं नाकारले होते, त्याच सभेंत नांगर धरलेला हा मनुष्य उभा राहून बोलूं लागला. १८३४ च्या नव्या दरिद्री-कायद्यास त्यानें प्राणपणानें विरोध केला. ता. १८ जून १८३५ रोजीं, वयाच्या ७२ व्या वर्षीं, गिल्फर्डजवळील आपल्या शेतावर त्यास मरण आलें. फार्नहॅम येथेंच त्याचें दफन झालें.

कॉबेट हा निर्दोष पुरुष नव्हता. त्याची लेखणी पुष्कळदां अन्यायी होई. ज्यू लोकांविषयीं व गुलाम म्हणून राबविल्या जाणाऱ्या आफ्रिकन लोकांविषयीं त्यानें जें लिहिलें, तें निंद्य आहे, व त्याचें समर्थन करण्याचें कारण नाहीं. आपल्या गांवच्या मजुराचें दुःख ज्यास इतकें स्पष्ट दिसलें, त्यास परक्याचें दुःख दिसूं नये, ही खेदाची गोष्ट होय. शुद्ध लिहितां येणें आणि न्यायानें लिहिणें या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली व्याकरणानें साधते, दुसरीस मोठें अंतःकरण लागतें. विद्यार्थ्यांनीं त्याच्या चरित्रांतून दोन्ही धडे घ्यावे.

आपणांस तर इंग्रजी ही परकी भाषा. तिच्या विशेषणांशीं कोणतें अव्यय जोडावें व त्यामागून कोणतें सर्वनाम आणावें, हें शिकतांना आपण अडखळलों, तर त्यांत लाज मानण्यासारखें कांहीं नाहीं. ज्याची ती मातृभाषा होती, त्यासही तें पहाऱ्यावर येरझारा घालीत शिकावें लागलें. रोज एक जोडी घ्यावी, तिचें एक खरें वाक्य करावें, आणि शाळेच्या वाटेवर तें मनाशीं म्हणावें. पेटती शेगडी, मांडीवरची फळी आणि हरवलेली अर्धी पेनी यांच्या सोबतीनें ज्यानें हें साधलें, त्याच्यापुढें आपल्या सबबी फारच लहान ठरतात.